गर्भवतींच्या रक्तक्षयाचा माग काढणाऱ्या ल्युसी विल्स

सरकारी दवाखान्यातून किंवा आशा सेविकेकडून गर्भवतीला मिळणारी लाल गोळी आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. तिला सरसकट 'लोहाची गोळी' म्हटले जाते. प्रत्यक्षात त्या गोळीत लोहाबरोबर आणखी एक घटक असतो, तो म्हणजे फॉलिक ॲसिड. त्याचे प्रमाण लोहाच्या तुलनेत अगदी किरकोळ, अवघे अर्धा मिलिग्रॅम असते. पण तेवढ्यानेही फार मोठा फरक पडतो. या घटकाच्या शोधाचा पहिला धागा मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत सापडला आणि तो सापडला डॉ. ल्युसी विल्स या इंग्रज महिलेला, हे मात्र फारसे कोणाला ठाऊक नसते.

वनस्पतिशास्त्राकडून वैद्यकाकडे

ल्युसी विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्ड या गावी झाला. घर सुखवस्तू आणि शिकलेले होते. वडील विज्ञानाचे पदवीधर होते आणि विळे, कोयते यांसारखी धारदार अवजारे बनवण्याचा कुटुंबाचा व्यवसाय होता. मुलींनाही उत्तम शिक्षण मिळावे अशी घरची धारणा होती. त्यामुळे ल्युसी यांना चेल्टनहॅम येथील मुलींच्या नामांकित शाळेत पाठवण्यात आले. विज्ञान आणि गणित गांभीर्याने शिकवणाऱ्या त्या काळच्या मोजक्या मुलींच्या शाळांपैकी ही एक होती. तेथून १९०७ मध्ये त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात दाखल झाल्या. वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र हे त्यांचे विषय होते.

१९११ मध्ये त्यांनी शिक्षण पूर्ण केले, परीक्षाही दिल्या. पण केंब्रिज विद्यापीठ स्त्रियांना पदवी देत नव्हते. वर्गात बसा, परीक्षा द्या, पण पदवी मागू नका, असा तो नियम होता. तो बदलायला १९४८ साल उजाडावे लागले. शिक्षण संपले त्याच वर्षी वडील वारले आणि दोन वर्षांनी बहीण एडिथही गेली. त्यानंतर आईसोबत त्या सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला गेल्या. १९१४ मध्ये त्या मैत्रिणीबरोबर दक्षिण आफ्रिकेत असताना पहिले महायुद्ध सुरू झाले. केपटाऊनमध्ये काही आठवडे त्यांनी स्वयंसेवी परिचारिका म्हणून काम केले. पुढच्याच वर्षी, जानेवारी १९१५ मध्ये, त्यांनी 'लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन' या संस्थेत प्रवेश घेतला.

या महाविद्यालयाचे नाव महाराष्ट्राला नवे नाही. बालविवाहाविरुद्ध न्यायालयात झुंज देणाऱ्या डॉ. रखमाबाई याच संस्थेत शिकून १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या होत्या. स्त्रियांना वैद्यकीय शिक्षण देणारी ब्रिटनमधली ती पहिली संस्था. तिथून अनेक तरुण डॉक्टर स्त्रिया भारतात काम करायला येत. पडदानशीन घरांतल्या बायका पुरुष डॉक्टरांकडे जात नसत, म्हणून अशा डॉक्टरांची इथे फार गरज होती.

ल्युसी विल्स १९२० मध्ये डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांचे वय ३२ होते. दवाखाना थाटून रुग्ण तपासण्यापेक्षा त्यांचा ओढा प्रयोगशाळेकडे होता. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयातच त्या रोगनिदानशास्त्र विभागात रुजू झाल्या. गर्भारपणात शरीरातील रासायनिक क्रिया कशा बदलतात, याचा अभ्यास त्यांनी तिथे केला. पुढच्या कामाची ही पूर्वतयारीच ठरली.

मुंबईतला प्रश्न

१९२०च्या दशकात मुंबईच्या गिरणगावात हजारो स्त्रिया कापड गिरण्यांत राबत होत्या. कोंदट खोल्या, अपुरे अन्न, लागोपाठची बाळंतपणे आणि गरोदरपणातही न चुकणारी मजुरी. अशा स्थितीत बाळंतिणींचे मृत्यू ही नित्याची बाब होती. या मृत्यूंची कारणे शोधण्यासाठी 'इंडियन रिसर्च फंड असोसिएशन' या संस्थेने चौकशी हाती घेतली होती. पुढे हीच संस्था भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर झाली. भारतात दीर्घकाळ काम केलेल्या डॉ. मार्गारेट बॅलफोर या कामात होत्या. त्यांनी विल्स यांना बोलावून घेतले. १९२८ मध्ये विल्स मुंबईत आल्या आणि परळला हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. गव्हर्नरांच्या जुन्या निवासस्थानात असलेली ही संस्था प्लेगच्या लशीमुळे आधीच प्रसिद्ध होती.

विल्स यांच्यापुढे प्रश्न होता तो एका विशिष्ट रक्तक्षयाचा. 'अंगात रक्त नाही' ही आपल्याकडची नेहमीची तक्रार. जुने वैद्य त्याला पांडुरोग म्हणत. पण रक्त कमी होण्याचे सगळे प्रकार सारखे नसतात. लोह कमी पडले की तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. या गर्भवतींच्या रक्तात मात्र नेमके उलटे दिसत होते. पेशींची संख्या खूप घटलेली, पण जी पेशी दिसे ती नेहमीपेक्षा मोठी. हा आजार गर्भारपणाच्या उत्तरार्धात वेगाने वाढे. चेहरा पांढराफटक पडे, चार पावले चालले तरी धाप लागे, पायांवर सूज येई, जीभ सोलवटे. त्यातून अनेक जणी प्रसूतीपूर्वी किंवा प्रसूतीनंतर दगावत. लोह देऊन त्यांना गुण येत नसे.

मोठ्या पेशींचा एक रक्तक्षय डॉक्टरांना आधीपासून माहीत होता. त्याचे नाव 'पर्निशियस ॲनिमिया', म्हणजे घातक रक्तक्षय. तो मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या उतारवयाच्या लोकांत दिसे. १९२६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी दाखवून दिले होते की रोज भरपूर यकृत, म्हणजे प्राण्याची कलेजी खायला दिली की हे रुग्ण बरे होतात. मग यकृताचे अर्क निघाले आणि ते उत्तरोत्तर अधिक शुद्ध होत गेले. मुंबईतल्या गर्भवतींचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तसेच दिसत असल्याने त्यांच्या आजाराला 'गर्भारपणातला पर्निशियस ॲनिमिया' असे नाव पडले. पण नाव सारखे म्हणून रोगही सारखाच का, ही शंका विल्स यांनी घेतली.

ताटात काय होते

त्यांनी दोन्ही आजार शेजारी ठेवून तपासले. खऱ्या पर्निशियस ॲनिमियात जठरात आम्ल तयार होणे थांबते. मुंबईच्या गर्भवतींच्या जठरात ते व्यवस्थित तयार होत होते. पर्निशियस ॲनिमियात मज्जातंतूंना इजा होते, हातपाय बधिर होतात. या स्त्रियांमध्ये तसे आढळत नव्हते. म्हणजे रक्ताचे चित्र एकच, पण रोग वेगळा.

मग कारण काय? एखादा जंतू, एखादे विष, उष्ण हवामान, असे तर्क तेव्हा केले जात. विल्स यांनी हे काम स्वयंपाकघरापर्यंत नेले. तळपदे या सहकाऱ्यांसोबत त्यांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतील स्त्रियांच्या आहाराची आणि राहणीमानाची पाहणी केली. मेहता या सहकाऱ्यांसोबत रक्ताचे आणि प्राण्यांवरचे प्रयोग केले. या दोन्ही भारतीय सहकाऱ्यांची नावे विल्स यांच्या त्या काळच्या शोधनिबंधांवर आहेत. कोण काय खाते, किती खाते, दूध, भाज्या, मांस किती जणींच्या वाट्याला येते, याची नोंद झाली.

पाहणीतून एक गोष्ट स्पष्ट झाली. हा रक्तक्षय सगळ्या समाजात सारखा पसरलेला नव्हता. शहर तेच, हवा तीच, पाणी तेच, पण ज्या घरांत ताट भरलेले होते तिथल्या बायकांना हा आजार क्वचित होई. गरीब घरांत तो वारंवार दिसे. सर्वांत निकृष्ट आहार गरीब मुस्लिम स्त्रियांचा होता आणि आजाराचे प्रमाणही त्यांच्यातच सर्वाधिक होते. याचा अर्थ धर्माशी किंवा वंशाशी नव्हता, हे आहाराच्या नोंदीच सांगत होत्या. ताटातून काहीतरी गायब होते आणि गर्भारपणात त्याची गरज वाढली की शरीर उघडे पडत होते.

उंदीर, उवा आणि अडचण

गायब असलेली ती गोष्ट कोणती, हे शोधायला प्राण्यांवरचे प्रयोग आवश्यक होते. १९२९ च्या उन्हाळ्यात विल्स निलगिरीतल्या कुन्नूर येथील पाश्चर संस्थेत गेल्या. तिथे रॉबर्ट मॅककॅरिसन हे भारतातल्या निरनिराळ्या प्रांतांच्या आहाराचा उंदरांवर होणारा परिणाम अभ्यासत होते. विल्स यांनी पांढऱ्या उंदरांना मुंबईतल्या गरीब स्त्रियांच्या आहारासारखे अन्न दिले. उंदरांना रक्तक्षय झाला. त्याच अन्नात यीस्ट मिसळल्यावर तो टळला.

निष्कर्ष तयार आहे असे वाटत असतानाच त्यात एक गुंता निघाला. उंदरांच्या अंगावरच्या उवांमधून पसरणारा बार्टोनेला नावाचा जंतू त्यांच्या रक्तात होता. चांगले खाणाऱ्या उंदरांत हा जंतू दबून राहतो, उपाशी उंदरांत तो उसळतो आणि तांबड्या पेशी नष्ट करतो. म्हणजे उंदरांचा रक्तक्षय आणि गर्भवतींचा रक्तक्षय एकच, असे म्हणता येत नव्हते. विल्स यांनी हे झाकले नाही. जंतूचा उल्लेख शोधनिबंधाच्या शीर्षकातच केला. उंदरांचा पुरावा कमकुवत ठरला, पण यीस्टबद्दलची शंका मात्र डोक्यात राहिली.

मार्माइटची कमाल

इंग्लंडमध्ये पावाला लावून खाल्ला जाणारा मार्माइट हा घट्ट, काळपट आणि खारट पदार्थ बिअर बनवताना उरणाऱ्या यीस्टपासून तयार होतो. तो स्वस्त होता, टिकाऊ होता आणि त्यात ब गटातील जीवनसत्त्वे भरपूर असतात हे माहीत होते. विल्स यांनी तो मुंबईतल्या रक्तक्षयग्रस्त गर्भवतींना देऊन पाहिला.

औषध लागू पडते आहे का, हे कळण्याची एक खूण रक्तातच असते. अस्थिमज्जेत नव्याने तयार झालेल्या कोवळ्या तांबड्या पेशी रक्तात दिसू लागल्या की समजायचे, थांबलेला कारखाना पुन्हा सुरू झाला. मार्माइट घेणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात काही दिवसांतच अशा कोवळ्या पेशींची संख्या झपाट्याने वाढली. त्यामागोमाग हिमोग्लोबिन चढू लागले. भूक लागू लागली, धाप कमी झाली. मरणाच्या दारात पोचलेल्या स्त्रिया उठून बसल्या. १९३१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये विल्स यांचा हा निबंध प्रसिद्ध झाला.

औषध सापडले होते, पण औषधातला नेमका घटक अजून हाती लागला नव्हता. इथे विल्स यांनी आणखी एक महत्त्वाचे निरीक्षण केले. यकृताचा कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क दिला की या गर्भवतींना गुण येई. पण पर्निशियस ॲनिमियावर रामबाण ठरलेला शुद्ध अर्क दिला तर काहीच फरक पडत नसे. याचा सरळ अर्थ असा की यकृतात दोन वेगवेगळे घटक होते. शुद्धीकरण करताना एक उरत होता आणि दुसरा टाकला जात होता. टाकला जाणारा तो दुसरा घटकच मुंबईच्या गर्भवतींना हवा होता आणि तो यीस्टमध्येही होता. वैद्यकाच्या पुस्तकांत या अनामिक घटकाला 'विल्स फॅक्टर' असे नाव मिळाले.

यानंतर विल्स यांनी ऱ्हिसस जातीच्या माकडांवर प्रयोग केले. गरिबांच्या आहारासारखे अन्न मिळालेल्या माकडांत माणसासारखाच मोठ्या पेशींचा रक्तक्षय झाला आणि मार्माइटने किंवा कच्च्या यकृत अर्काने तो बरा झाला. उंदरांबाबत जो पुरावा अडखळला होता तो आता भक्कम झाला. १९३१ च्या सुरुवातीला त्या मद्रासमध्ये, स्त्रियांसाठीच्या रुग्णालयातही काम करून आल्या. १९३३ मध्ये त्या रॉयल फ्री रुग्णालयात पूर्णवेळ परतल्या. १९३७ मध्ये क्लटरबक आणि इव्हान्स यांच्यासह त्यांनी यकृताच्या अर्काचे रासायनिक विभाजन करून हा घटक वेगळा असल्याचे आणखी स्पष्ट केले. त्याच वर्षाच्या अखेरीस त्या दहा आठवड्यांसाठी पुन्हा हाफकिनमध्ये आल्या. या वेळी त्यांनी साऊथॅम्प्टनहून कराचीपर्यंतचा प्रवास पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने केला. टप्प्याटप्प्याने जाणाऱ्या त्या विमानाला पाच दिवस लागले. कराचीहून मुंबईला त्या बोटीने आल्या.

घटकाला नाव मिळाले

विल्स यांनी ज्याचा माग काढला तो पदार्थ शुद्ध रूपात हाती यायला आणखी काही वर्षे गेली. निरनिराळ्या प्रयोगशाळा नकळत त्याच पदार्थाच्या मागे होत्या. कोणी माकडांवरच्या प्रयोगातून त्याला 'व्हिटॅमिन एम' म्हणत होते, तर कोणी जिवाणूंच्या वाढीला लागणारा घटक म्हणून वेगळे नाव देत होते. १९४१ मध्ये अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठात मिशेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकातून तो वेगळा काढला. पान या अर्थाच्या 'फोलियम' या लॅटिन शब्दावरून त्याचे नाव फॉलिक ॲसिड ठेवले गेले.

प्रयोगशाळेत तो कृत्रिमरीत्या बनवण्याचे काम १९४५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील लेडर्ली कंपनीत पूर्ण झाले. तिथल्या संशोधनाची धुरा डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीय शास्त्रज्ञाच्या खांद्यावर होती. आंध्रातल्या भीमावरममध्ये जन्मलेले सुब्बाराव मद्रासमध्ये वैद्यक शिकून अमेरिकेत गेले होते. परळच्या प्रयोगशाळेत एका इंग्रज डॉक्टरने सुरू केलेला शोध अमेरिकेत एका भारतीय डॉक्टरच्या चमूने तडीस नेला. सुब्बाराव यांच्याच चमूने फॉलिक ॲसिडला अटकाव करणारी द्रव्येही तयार केली. ती वापरून सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये ल्युकेमिया झालेल्या मुलांचा आजार काही काळ आटोक्यात आणला. कर्करोगावरच्या औषधोपचाराची ही सुरुवात मानली जाते. यकृतातला दुसरा घटक, म्हणजे खऱ्या पर्निशियस ॲनिमियावरचे बी-१२ जीवनसत्त्वही १९४८ मध्येच वेगळे करण्यात आले. यकृतात दोन घटक आहेत हा विल्स यांचा कयास अशा रीतीने पूर्णपणे सिद्ध झाला.

पेशीचे विभाजन होताना डीएनएची नवी प्रत तयार करावी लागते. त्या कामात फोलेट लागते. ते कमी पडले तर पेशी आकाराने वाढते, पण तिचे विभाजन खोळंबते. म्हणून रक्तात पेशी थोड्या आणि मोठ्या दिसतात. अस्थिमज्जेत पेशी सतत बनत असल्याने कमतरतेचा फटका तिथे आधी बसतो. शरीरातला फोलेटचा साठा जेमतेम तीन-चार महिने पुरतो आणि गर्भारपणात बाळाच्या वाढीसाठी गरज एकदम वाढते. उत्तरार्धातच हा आजार उफाळून का येई, याचे उत्तर यात आहे.

युद्ध आणि नंतरची वर्षे

दुसऱ्या महायुद्धात विल्स यांनी आपत्कालीन वैद्यकीय सेवेत रोगनिदानतज्ज्ञ म्हणून काम केले. जुलै १९४४ मध्ये रॉयल फ्री रुग्णालयावर जर्मनांचा उडता बॉम्ब थेट कोसळला, त्यात काही जणांचा जीव गेला. प्रयोगशाळेचे काम काही दिवस विस्कळीत झाले आणि पुन्हा सुरू झाले. युद्धकाळातील शिधावाटपाचा आणि लोहाच्या गोळ्यांचा गर्भवतींच्या हिमोग्लोबिनवर काय परिणाम होतो, याचाही अभ्यास त्यांनी केला. युद्ध संपेपर्यंत त्या रुग्णालयाच्या रोगनिदान विभागाच्या प्रमुख झाल्या होत्या आणि तिथला पहिला रक्तविज्ञान विभाग त्यांनी उभा केला होता.

१९४७ मध्ये त्या निवृत्त झाल्या, पण काम थांबले नाही. जमैका, फिजी आणि दक्षिण आफ्रिका इथे जाऊन त्यांनी पोषण आणि रक्तक्षय यांची पाहणी केली. त्या अविवाहित राहिल्या. रुग्णालयात सायकलवरून जाणे, डोंगर चढणे, बर्फावर स्की करणे हे त्यांचे शौक होते. उतारवयात लंडनच्या चेल्सी भागातून मजूर पक्षाच्या नगरसेविका म्हणूनही त्यांनी काम केले. १६ एप्रिल १९६४ रोजी वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

आपल्या कामाचा एक मोठा परिणाम त्यांना पाहता आला नाही. गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून तयार होतात, ती नळी गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. ती नीट मिटली नाही तर बाळाच्या पाठीच्या कण्यात किंवा डोक्यात गंभीर व्यंग राहते. फोलेटच्या कमतरतेशी याचा संबंध असावा असा अंदाज १९६०च्या दशकात मांडला गेला. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या चाचणीने तो पक्का केला. आधी असे मूल झालेल्या स्त्रियांना गर्भधारणेपूर्वीपासून फॉलिक ॲसिड दिल्यावर पुन्हा तसे होण्याचे प्रमाण ७२ टक्क्यांनी घटले. त्यानंतर अमेरिकेसह अनेक देशांनी पिठात फॉलिक ॲसिड मिसळणे सक्तीचे केले.

आज लक्षात ठेवायचे ते

भारतात १९७० पासून गर्भवतींना लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयग्रस्त आढळल्या. त्यामुळे विल्स यांनी घालून दिलेली तपासाची शिस्त आजही उपयोगी आहे. रक्त कमी आहे एवढे कळून पुरत नाही, ते कशामुळे कमी आहे हे पाहावे लागते.

सततचा थकवा, थोड्या श्रमाने धाप, छातीत धडधड, फिकट डोळे व नखे, लाल आणि दुखरी जीभ ही फोलेटच्या कमतरतेची लक्षणे असू शकतात. साध्या रक्ततपासणीच्या अहवालात 'एमसीव्ही' हा आकडा असतो. तो तांबड्या पेशीचा सरासरी आकार सांगतो. तो १०० च्या वर असेल तर फोलेट किंवा बी-१२ कमी असल्याची शक्यता डॉक्टर तपासतात. पण आपल्याकडे लोहाचीही कमतरता सोबत असते. लोहाअभावी पेशी लहान होतात, फोलेटअभावी मोठ्या, आणि दोन्ही एकत्र असले की सरासरी आकडा सामान्य दिसू शकतो. अशा वेळी फक्त एका आकड्यावर विसंबून चालत नाही.

दुसरी काळजी बी-१२ ची. फॉलिक ॲसिडची मोठी मात्रा दिली की बी-१२ च्या अभावाने झालेला रक्तक्षयही सुधारल्यासारखा दिसतो, पण मज्जातंतूंची हानी आतून चालूच राहते. शाकाहारी आणि दूधदुभते कमी असलेल्या घरांत बी-१२ ची कमतरता बरीच आढळते. म्हणून मुंग्या येणे, पाय बधिर होणे, तोल जाणे अशी लक्षणे असतील तर स्वतःच्या मनाने गोळ्या घेण्याऐवजी दोन्ही जीवनसत्त्वे तपासून घ्यावीत.

गर्भधारणेचा विचार असेल तेव्हापासूनच रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करावे आणि ते पहिले तीन महिने घ्यावे, असा सल्ला दिला जातो. दिवस गेल्याचे कळेपर्यंत गर्भाची ती नळी मिटण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते, हे त्याचे कारण. आधीच्या मुलाला असे व्यंग असेल किंवा आईला फिट्सची औषधे चालू असतील तर मात्रा वेगळी असते आणि ती डॉक्टरच ठरवतात. त्यानंतर लोह व फॉलिक ॲसिडची लाल गोळी किमान १८० दिवस रोज घ्यायची असते. गोळीने मळमळ झाली तर ती बंद न करता रात्री जेवणानंतर घ्यावी. चहासोबत मात्र घेऊ नये, कारण चहामुळे लोह शोषले जात नाही.

आहारात पालक, मेथी, चवळी, हरभरा, मूग, मसूर आणि शेंगदाणे यांतून फोलेट मिळते. ते पाण्यात विरघळते आणि फार वेळ शिजवल्यास नष्ट होते. भाजी आधी धुवून मग चिरावी, थोडक्या पाण्यात शिजवावी आणि ते पाणी टाकून देऊ नये.

यातले काहीच महाग नाही. विल्स यांनी नोंदवलेल्या त्या गरीब घरांत अन्न कमी होते हे खरे, पण सगळ्यांचे जेवण झाल्यावर उरलेले घरच्या बाईने खायचे, ही रीत आजही कित्येक घरांत चालू आहे. पातेल्यातली डाळ आणि पालेभाजी तोवर संपलेली असते आणि भात नाहीतर भाकरी तेवढी उरते. घरात गर्भवती असेल तर तिचे ताट आधी वाढले जाते की शेवटी, हे घरच्यांनी आजच पाहून घ्यावे.